भाऊ निघालेच आहेत

बुधवार

पहाटे साडेपाचला फाट्यावर १४ जण कुडकुडत उभे होते. आठ पोरी, सहा पोट्टे, सगळे नववीतले. प्रत्येकाच्या पिशवीत चादर, डबा आणि आधारकार्डाची झेरॉक्स. झेरॉक्सची आठवण मी इतक्यांदा केली होती की एकीने चार आणल्या, आणि एकाने घाईत आजोबांच्या कार्डाची आणली.

नागपूरला हिवाळी अधिवेशन लागलं की आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "पोरांना एकदा विधानभवन दाखवलं पाहिजे." आम्ही वैनगंगेच्या काठचे, नागपूर काही लांब नाही. यंदा मी बोलून थांबले नाही, अर्ज केला. राज्यशासनाचा धडा मीच शिकवते. विधानसभा २८८, विधानपरिषद ७८, हे फळ्यावर लिहून लिहून खडू झिजले, पण विधानभवनाच्या फाटकाआत मी स्वतः कधी पाऊल ठेवलं नव्हतं. हे पोरांना सांगितलं नव्हतं, एवढंच.

सोबत गणिताचे सर येणार होते. त्यांनी सोमवारी अचानक किरकोळ रजा टाकली. सासुरवाडीत कार्यक्रम आहे म्हणाले. मग शाळेचे बाबू आले. बाबू बस सुटायच्या आधी तीनदा पोरं मोजतात आणि सुटल्यावर दोनदा. पहिल्या दिवशी त्याचं हसू आलं, दुसऱ्या दिवसापासून मीही मोजू लागले.

आमदारांना विचारायचे प्रश्न आधीच लिहून घेतले होते. पोरांनी २१ दिले. मी पाच ठेवले, तेही जरा घासूनपुसून. 'लोकशाहीत युवकांची भूमिका काय?', 'राजकारणात येण्याची प्रेरणा आपणांस कोणाकडून मिळाली?' अशा थाटाचे. रपट्याचा प्रश्न मी गाळला. शाळेच्या अलीकडे नाल्यावर रपटा आहे, म्हणजे ठेंगणा पूल. त्यावरून पाणी गेलं की पलीकडच्या दोन गावांतली पोरं शाळेत येऊ शकत नाहीत. आठ जणांनी तोच प्रश्न लिहिला होता. पहिल्याच भेटीत गाऱ्हाणं कशाला, असं मी म्हटलं. पलीकडच्या गावातली, लांब वेणीची एक पोरगी आहे. ती नुसती "बरं मॅडम" म्हणाली आणि वही मिटली.

मौद्याजवळ कन्हान ओलांडेपर्यंत निम्मी पोरं झोपली होती. गणेशपेठला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. ओळखीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या आणि आधी तर्री-पोहे खाल्ले. घरी पोह्यांवर शेव टाकणारी पोरं ती लाल तर्री बघून हरखली. एकाने दोनदा तर्री घेतली आणि दुपारभर दीक्षाभूमीवर पाण्याचा नळ शोधत फिरला. दीक्षाभूमीचा घुमट आतून पोकळ आहे हे बाहेरून कळत नाही. आत गेल्यावर पोरांचा आवाज आपोआप खाली आला. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख मला सांगावी लागली नाही, तिघांनी एकदमच सांगितली.

संध्याकाळी सहाला आमदार निवास. वेळ घेतलेली होती. खोलीबाहेर चपलांचा ढीग, आत कॉटवर, खुर्च्यांवर, जमिनीवर माणसं. कोणाच्या हातात लग्नपत्रिका, कोणाकडे दवाखान्याचे कागद, एका म्हाताऱ्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा. पीए म्हणाले, "बसा मॅडम, भाऊ निघालेच आहेत." आमच्याकडे आमदाराला कोणी आमदार म्हणत नाही. भाऊ. पोरांना मी 'महोदय' पाठ करून आणलं होतं.

सातला भाऊ निघालेच होते. पावणेआठला एका बैठकीतून निघालेच होते. एका पोट्ट्याने वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला सुरुवात केली. रात्री नऊपर्यंत अकरा 'निघालेच' झाले.

पण ते तीन तास वाया गेले असं मी म्हणणार नाही. पीए भला माणूस. कामातून मान वर करत पोरांशी बोलत होता. त्याने दुसऱ्या दिवशीच्या प्रश्नांची छापील यादी दाखवली. तारांकित प्रश्न म्हणजे काय, हे मी सहा वर्षं शिकवतेय: ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी मिळतं तो. अतारांकितचं लेखी. यादीतल्या प्रश्नाच्या आकड्याशेजारी छोटासा तारा छापलेला असतो, हे मात्र मला त्या रात्री कळलं. "मॅडम, खरंच तारा हाय!" पोरं यादीवर वाकली. प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो, मग तो खात्याकडे जातो, खालून माहिती मागवली जाते, असं पीएने सांगितलं. लांब वेणीने विचारलं, "म्हंजे आज विचारला तं आज उत्तर नाही भेटत?"

"तातडीचं विचारायला लक्षवेधी सूचना असते बेटा. तीही लागली पाहिजे."

नऊला निरोप आला, भाऊ आज येत नाहीत, उद्या नक्की. सतरंजीवर पडल्यापडल्या पोरं कोणाकोणाला हाका मारत होती आणि अंधारातून उत्तर येत होतं, "निघालोच आहे."

गुरुवार

पास आमदारांच्या शिफारशीवर मिळाले होते, प्रेक्षक गॅलरीचे, एका तासाचे. आजोबांच्या झेरॉक्सचं प्रकरण पीएने कसं मिटवलं, मी विचारलं नाही.

सिव्हिल लाइन्सचे रस्ते अधिवेशनात ओळखू येत नाहीत. बांबूचे कठडे, पोलीस, लाल दिव्याच्या आठवणीत अजून ऐटीत जाणाऱ्या गाड्या. पोरांना वाटलं हे सगळं नागपुरात कायमचंच असतं. मग मला फाटकाबाहेर उभं राहूनच अख्खा नागपूर करार सांगावा लागला. हे शहर १९५६ पर्यंत एका राज्याची राजधानी होतं. महाराष्ट्रात येताना राजधानीपण गेलं. त्याच्या बदल्यात १९५३ च्या कराराने वर्षातून एक अधिवेशन इथे भरवण्याचं ठरलं, आणि १९६० पासून ते भरतं. करोनात दोन वर्षं खंड पडला तेव्हा इथल्या चहावाल्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळे हळहळले होते. "म्हंजे हे पाहुने होत," एकजण म्हणाला. मला ते फार पटलं. पाहुण्यांसाठी घर सारवतात तसेच रस्ते सारवलेले होते.

तपासणीत मोबाइल, डबे, बाटल्या, पिशव्या बाहेर राहिल्या. बाबू सगळ्या सामानाजवळ थांबले. यंत्र वाजलं ते लांब वेणीजवळ. तिच्या फ्रॉकच्या खिशात कंपासपेटी. महिला पोलिसाने उघडली: कर्कटक, पट्टी, खोडरबर आणि चार घड्या घातलेला एक कागद. "हे कायले आणलं गं?" पोरगी काही बोलेना. पेटी बाबूंकडे गेली. आत जाईपर्यंत ती तीनदा मागे वळून बघत होती.

गॅलरीत पायावर पाय टाकायचा नाही, कठड्यावर वाकायचं नाही, टाळी वाजवायची नाही. शाळेतही आम्ही इतकी शिस्त लावत नाही, आणि लावली तरी ती अशी पाळली जात नाही. घंटा वाजली, अध्यक्ष आले, खालचे सगळे उभे राहिले. आमची चौदाही उभी राहिली, मीही. इथे उभं राहायचं असतं का, मला माहीत नव्हतं.

प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. छापील उत्तरांची भाषा पोरांना इतकी आवडली की पुढचे दोन दिवस दुसरं ऐकायला मिळालं नाही. 'हे अंशतः खरे आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.' तू माझा साबण वापरला का? हे अंशतः खरे आहे. डबा धुतला का? प्रश्न उद्भवत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर उपप्रश्न सुरू झाले आणि एका बाजूचे सदस्य उठले. घोषणा, कागद फडकवणं, मग काहीजण समोरच्या मोकळ्या जागेत उतरले. अध्यक्ष काय म्हणाले ते ऐकूच आलं नाही, नंतर कळलं की कामकाज १० मिनिटांसाठी तहकूब. दहाची पंधरा झाली. आमच्या पासाचा तास त्यातच सरत होता. मला ओशाळं वाटत होतं, जणू माझ्याच वर्गाने इन्स्पेक्शनच्या दिवशी गोंधळ घातला. पोरांना मात्र तसं काही वाटलं नाही. तहकुबीत तेच दोन्हीकडचे सदस्य एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते, ते त्यांनी माझ्या आधी पाहिलं. वर्गाचा मॉनिटर खाली बघून ओठांनी मोजत होता. "मॅडम, २८८ म्हनले होते तुमी. १०७ च हाय."

मी कुजबुजले, कामकाज चालायला एकदशांश पुरे. २८८ चा एकदशांश किती?

"२८.८."

"म्हणजे २९."

त्याने थोडा विचार केला. "आन शाळेत आम्हाले ७५ टक्के लागते."

याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

बाहेर आल्यावर चालतच झिरो माइलला गेलो. वाळूच्या दगडाचा खांब, दगडी घोडे. इंग्रजांनी देशभर मोजणी केली तेव्हाचा हा दगड. पोरांनी घोड्यांपाशी उभं राहून बाबूंच्या मोबाइलवर फोटो काढले. तिथून जवळच गोवारी स्मारक. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, बहुतेक बाया आणि लेकरं. मी हे सांगणार होते. त्याआधीच आमच्यातला एक पोरगा चपला काढून पुढे गेला. हा वर्गात शेवटच्या बाकावर बसतो, प्रश्न विचारला की पायाकडे बघतो. हात जोडून परत आला तेव्हा म्हणाला, "आजी आलती त्या मोर्चात. थे परत आली." आणि चपला घातल्या. दुसरं काही बोलला नाही. कोणी विचारलंही नाही. तर्रीवाला पोट्टा मात्र नंतर बसस्टँडपर्यंत त्याची पिशवी धरून चालला.

मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटकडे कठड्यांपलीकडे एक मोर्चा अडवून धरला होता. पांढऱ्या टोप्या, लाऊडस्पीकर, रस्त्यावर पेपर अंथरून बसलेली माणसं. अंशतः अनुदानित शाळांवरचे शिक्षक. मी पोरांना पलीकडच्या फुटपाथवरून घेऊन चालले होते तेवढ्यात एक पोरगी थबकली.

"मॅडम, थे आपले सर होत ना?"

गणिताचे सर. डोक्यावर टोपी, मांडीवर डबा, तोंडात घास. आम्हाला बघून त्यांनी टोपी काढली, परत घातली, परत काढली.

"सर, सासुरवाडी?" मॉनिटरने विचारलं. अगदी निरागसपणे, म्हणजे मुद्दाम.

सर उठून कठड्यापाशी आले. आमची शाळा एकच, पण मी जुन्या मंजूर तुकडीवरची, पूर्ण पगाराची. सर वाढीव तुकडीवरचे. एकाच फळ्यावर आम्ही लिहितो, एकाच मस्टरवर सह्या करतो, आणि त्यांच्या पगाराचं सरकारी अनुदान ४० टक्क्यांच्या टप्प्यावर अडलेलं आहे. हे मला माहीत होतं. ते मोर्चाला येणार, हे माहीत नव्हतं, आणि मला खोटं सांगावंसं त्यांना का वाटलं याचा विचार मी तिथे उभ्याउभ्या करत होते. "शिष्टमंडळ आत गेलंय," ते म्हणाले. "मंत्री भेटतीलच."

"निघालेच असतील," तीन पोरं एकदम म्हणाली. सर हसले, पण त्यांना गंमत कळली नव्हती.

मग तिथेच एक तास झाला, नागरिकशास्त्राचा. शिक्षकांचे आमदार वेगळे असतात का, असं कोणीतरी विचारलं. असतात. विधानपरिषदेत शिक्षकांचे सात, पदवीधरांचे सात. माध्यमिक शाळेवर शिकवणाऱ्याला शिक्षक मतदारसंघात मत, पदवी असली की पदवीधर मतदारसंघात मत, आणि सगळ्यांसारखं विधानसभेचं. शिक्षक-पदवीधरांच्या मतदानाला बटण नसतं, मतपत्रिकेवर जांभळ्या पेनाने १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकायचे असतात. लांब वेणीने बोटांवर मोजलं. "म्हंजे मॅडमचे तीन आमदार. सरचे तीन. आन आमचा एक पन नाही?"

"अठरा पूर्ण होऊ दे," सर म्हणाले.

"तवापर्यंत मी बारावी पास होऊन जाईन. रपट्यावरून कोन जाईल मंग?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांबावरच्या पोस्टरकडे.

रात्री पावणेदहाला भाऊ खरंच आले. सरही आले होते. पोरांनी ओढूनच आणलं, टोपी घडी करून खिशात. खोलीत आम्ही सतरा आणि भाऊ धरून अठरा. भाऊंनी बूट काढले, पायाची बोटं दाबली, पाणी प्यायले. टीव्हीत दिसतात त्यापेक्षा बारके. पीएने भाकरी आणि झुणका समोर ठेवला, त्यांनी ताट बाजूला सारलं, "पोरं जेवली का?" विचारलं. जेवली होती.

माझे पाच प्रश्न मॉनिटरने वाचले. भाऊंनी पाच उत्तरं दिली, पाठ असल्यासारखी, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. ते प्रश्नच पाठ उत्तरांचे होते. मग शेवटच्या बाकावरच्या पोराने, ज्याने दिवसभरात एक वाक्य बोललं होतं, दुसरं बोललं. "तुमी कायदा कोनता केला?"

भाऊ थांबले. सरकारचं विधेयक वेगळं, आमच्यासारख्याचं अशासकीय, त्याला शुक्रवारची दुपार, असं त्यांनी समजावलं. "एक दिलं होतं मी. चर्चेलाच आलं नाही." त्यांनी हे काही लपवायच्या सुरात सांगितलं नाही. मला तो माणूस तिथे पहिल्यांदा आवडला.

तेवढ्यात लांब वेणी उठली. कंपासपेटीतून तो चार घड्यांचा कागद काढून तिने थेट भाऊंच्या हातात दिला. मी "अगं" म्हणेपर्यंत दिलाच.

कागदावर रपट्याचं चित्र होतं, पट्टीने काढलेलं. लांबी ३२ मीटर. रुंदी साडेतीन. दोन्ही काठांची उंची. सर्वांत जास्त पाणी आलं त्या दिवशी रपट्यावर चार फूट. खाली तारखा, शाळा बुडाल्याच्या, २३.

"मोजलं कोणी?"

"आमी. दोर घेऊन. क्षेत्रमापनात सरने नेलतं."

"आणि हे दिवस?"

"मॅडमच्या हजेरीपटावरून."

त्या २३ तारखांपुढे लाल शाईने 'गै' मी लिहिला होता. प्रत्येक वेळी. मग पालकसभेत उपस्थिती कमी म्हणून बोलणारीही मीच.

भाऊंनी कागद दोनदा बघितला. रस्ता जिल्हा परिषदेचा, म्हणाले. आमदारनिधी वर्षाला पाच कोटी, आणि मतदारसंघातली गावं मोजली तर गावामागे काय येतं ते तुमच्या सरांनाच विचारा. "पण असा कागद माझ्याकडे कोणी आणत नाही. लोक नुसतं पूल पाहिजे म्हणतात." त्यांनी पीएला बोलावून पत्राचा मजकूर सांगितला. तो टाइप होईपर्यंत ते सरांकडे वळले.

"तुम्ही कितीच्या टप्प्यावर?"

सरांच्या खिशातून टोपीचं टोक बाहेर आलेलं होतं. "चाळीस."

"वर्षं?"

"चौदा."

भाऊंनी ताट पुढे ओढलं आणि भाकरी मोडली. नंतर ते फारसं बोलले नाहीत.

शुक्रवार

सकाळी रमण विज्ञान केंद्र. पोरांना तिथून हलवता हलवता बाबू घामाघूम झाले. सीताबर्डीवर प्रत्येकाने घरी न्यायला संत्र्याची बर्फी घेतली, कोणी पाव किलो, कोणी दोनच वड्या, कागदात बांधून. आमदार निवासावर जाऊन पत्राची प्रत आणायची राहिली होती. पीएने रजिस्टर काढून जावक क्रमांक टाकला, तारीख टाकली. 'सदर ठिकाणी पाहणी करून अंदाजपत्रक सादर करावे.' लांब वेणीने तो क्रमांक कर्कटकाच्या टोकाने कंपासपेटीच्या झाकणात आतून कोरला. कागद हरवते, म्हणाली.

सर आमच्याच बसने परतले. मोर्चाला तारीख मिळाली होती. ते खिडकीशी बसून स्वतःचा रजेचा अर्ज नव्याने लिहून बघत होते, कारणाच्या रकान्यात काय लिहावं म्हणून. "अंशतः खरे आहे, असं लिहा सर," मागून सल्ला आला.

फाट्यावर उतरलो तेव्हा काळोख पडला होता. पलीकडच्या गावांतल्या सहा पोरांना सोडायला मी, सर आणि बाबू चालत निघालो. रपट्याखालून घोटाभर पाणी वाहत होतं, आवाजही नव्हता. लांब वेणीने बाबूंच्या हातातली टॉर्च घेतली आणि काठावरच्या बाभळीवर मारली. खोडावर निळ्या ऑइलपेंटने एक रेघ ओढलेली, शेजारी ऑगस्टमधली तारीख.

"बाबू, तुमी इथं या. झाडापाशी. सरळ उभे राहा."

बाबू झाडाला पाठ लावून उभे राहिले. रेघ त्यांच्या छातीशी आली. त्यांनी मान खाली करून तिच्याकडे पाहिलं, मग रपट्यावर उभ्या असलेल्या पोरांकडे, आणि बोटाने परत पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.